मिटलेलं पाणी

होनियारा, ९ फेब्रुवारी २००९

प्रिय मथायसकाका,

नमस्कार. मी युनिस, सायलस होराहानुंची धाकटी. मागच्या जूनमध्ये बाबांच्या दफनाला तुम्ही जहाजाने येऊ शकला नाहीत, पण तुमचं पत्र आलं होतं. आईने ते उशीखाली ठेवलंय.

एक काम घेऊन लिहितेय. बाबांची सगळी पुस्तकं, प्रवचनं, लेख एकत्र छापायचं चर्चने ठरवलंय, आणि संपादन माझ्याकडे आलंय. मी इथे राजधानीत धर्मशास्त्र शिकवते खरी, पण ज्या माणसाच्या खांद्यावर बसून केळी खाल्ली, त्याच्या वाक्यांवर लाल पेन चालवायचं म्हटलं की पेन पुढे सरकत नाही. लोकांना आर्चबिशप सायलस माहीत आहेत. उलावा बेटाच्या वाळूत नागडा पळणारा पोरगा फक्त तुम्हाला माहीत आहे. त्या पोराबद्दल लिहाल का? प्रस्तावना तुमचीच असावी असं मला वाटतं. पुस्तक जूनमध्ये, वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला, आपल्या गावीच प्रकाशित करू.

सोबत चहा आणि बिस्किटांचा डबा पाठवतेय. डबा खलाशांच्या हातून जाणार, तेव्हा बिस्किटं कमी भरली तर मला दोष देऊ नका.

तुमची,
युनिस

---

मावोरो, उलावा
३ मार्च २००९

चि. युनिस हिस अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. बिस्किटं निम्मी होती. खलाशीही देवाचीच लेकरं.

तुझ्या बापाबद्दल लिही म्हणतेस. पोरी, कुठून सुरू करू? माझ्या पडवीतून मिशनच्या जुन्या शाळेचा चौथरा दिसतो. आता तिथे फणस उभा आहे. संध्याकाळचं ऊन त्याच्या पानांतून उतरलं की मला अजून बाकांवरची डोकी दिसतात, आणि पहिल्या बाकावर सायलस, कानामागे जास्वंद खोचलेला. आमचे गोरे मास्तर कविता पाठ करून घेत. एक कविता आम्हा दोघांची लाडकी होती. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी:

सांज उतरली पाण्यावरती,
नाव एकटी परत न आली;
दिवा किनारी ठेवुन आई
सांगे, 'बाळा, नाव निघाली.'

सायलसचा आवाज घंटेसारखा. बिशप शाळेला भेट द्यायला आले की कविता म्हणायला तोच पुढे. पण पठ्ठ्या दर वेळी शेवटच्या ओळीला अडायचा! तिसरी ओळ म्हणून झाली की डोळे पांढरे. मग मी मागच्या रांगेतून कुजबुजायचो, आणि तो ती ओळ अशी म्हणायचा की बायकांच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या त्याला. बाहेर आल्यावर मला म्हणायचा, "मथायस, तू आहेस म्हणून मी पाठच करत नाही." मला त्याचाही आनंद वाटायचा.

आता टोबीचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय तुझा बाप पुरा होत नाही.

माझा टोबी सोळाचा होता. भूशिराच्या पलीकडच्या प्रवाळखडकावर मासे धरायला गेला. होडी परत आली, तो आला नाही. सापडलाही नाही. सायलस तेव्हा आमच्या गावचा पाद्री. आठवडाभर तो माझ्या शेजारी बसून राहिला. मग एका सकाळी सगळ्या गावाला घेऊन तिकडे गेला, खडकावर लाकडाचा क्रूस रोवला, त्याला नारळाच्या कोवळ्या झावळ्या बांधल्या, आणि येशूच्या नावाने ते पाणी बंद केलं. बंदी घातली की तिथे गळ नाही, जाळं नाही, होडीही नाही. आपल्याकडे शंभर दिवसांनी पाद्री बंदी उठवतो, मेजवानी होते. पण सायलस सगळ्यांसमोर म्हणाला, "हे पाणी मी उघडणार नाही. हे मथायसच्या तोंडच्या शब्दाने उघडेल. तोवर जो इथला मासा खाईल, तो मथायसच्या मुलाच्या थडग्यातून खाईल."

त्यावरूनच त्याने पहिलं पुस्तक लिहिलं. शनिवारी, ख्रिस्त थडग्यात होता त्या दिवशी, देव काय करत होता? सायलस लिहितो, देव उपास करत होता. बापाने मुलाच्या थडग्याजवळ जेवण नाकारलं. ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

शब्द मी अजून दिलेला नाही. द्यायला हवा होता, कळतं मला. पण ते पाणी मिटलेलं आहे, माझ्या पोरावर कुणी पांघरूण घालून ठेवलंय, एवढ्यावरच मी ही वर्षं काढली. मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही. गावाने कधी तगादा लावला नाही. शेजारची डोरकास दर शुक्रवारी भाजलेला मासा आणून देते आणि म्हणते, "मास्तर, काटे काढलेत, गिळा नुसतं. चावायला दात कुठायत?" असे हे लोक.

प्रस्तावना लिहीन. सायलससाठी नाही लिहायची तर कुणासाठी?

तुझा,
मथायसकाका

---

होनियारा, २३ मार्च २००९

प्रिय काका,

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. एकाने विचारलं, "मॅडम, आर्चबिशप खरंच कविता विसरायचे?" आता माझा बाप माणसात आला!

काका, तुम्ही फार नम्र आहात. शब्द अजून दिलेला नाही म्हणून लिहिलंत. बाबांचं 'उघडलेलं पाणी' वाचलेल्या माणसाला हे कसं पटेल? ते पुस्तक बाहेरदेशी छापलं, पण बाबांनी तुम्हाला पाठवलं असणारच. तरी तो उतारा इथे उतरवते, कारण मला त्याबद्दलच विचारायचंय:

'वादळाच्या त्या वर्षी बागा वाहून गेल्या, मुलं उपाशी होती. एका पहाटे माझा मित्र मिटलेल्या पाण्यात गुडघाभर उभा दिसला. तो रडत होता. मला म्हणाला, उघड. माझा मुलगा एवढ्यांना जेवू घालेल. त्या पहाटे मला पुनरुत्थान कळलं. थडगं बाहेरून उघडत नाही. ज्याचं दुःख आत आहे, तोच ते आतून उघडतो.'

या चार ओळींवर बाबांचं सगळं धर्मशास्त्र उभं आहे. ऑकलंडचे प्राध्यापक यावर व्याख्यानं देतात. जूनमध्ये तिघं येणार आहेत, मुख्यतः तुम्हाला भेटायला. प्रस्तावनेत ती पहाट तुमच्या शब्दांत हवी. बाबा काय म्हणाले? मग पहिली होडी कुणाची गेली?

तुमची,
युनिस

---

मावोरो
११ एप्रिल २००९

युनिस,

कोणती पहाट?

मला हे पुस्तक आलेलं नाही. त्याची बाकी सगळी आली, प्रत्येकावर त्याच्या हातची अक्षरं आहेत. हे आलं नाही. ते पाठव.

मथायस

---

होनियारा, २७ एप्रिल २००९

प्रिय काका,

पुस्तक पाठवतेय. बाबांकडून राहून गेलं असेल. त्या वर्षांत ते सारखे विमानात असायचे.

रागावू नका, पण एक विचारू? इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. दुःखात माणूस बोलतो ते त्याचं त्याला आठवत नाही. तुमचं वयही झालंय. तुम्ही विसरला असाल, असं नाही का होऊ शकत? बाबा खोटं लिहितील यावर माझा विश्वास बसत नाही. आणि गावातले लोक तर तेव्हापासून त्या खडकावर जातात. मी लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा आम्ही पोरं तिथेच शिंपले गोळा करायचो. तुम्ही शब्द दिला नसता तर कोण गेलं असतं?

शांतपणे आठवून बघा.

तुमची,
युनिस

---

मावोरो
१९ मे २००९

चि. युनिस,

आठवून बघितलं. मी लहानपणी पाठ केलेलं सगळं मला आठवतं. मास्तरांचं शिंकणंसुद्धा. विसरायचा तो तुझा बाप.

तुझं पत्र वाचलं आणि डोरकासला हाक मारली. तिला विचारलं, "शुक्रवारचा मासा कुठला असतो?"

ती पान चघळत होती. थांबली. म्हणाली, "मास्तर, आज हे काय काढलंत?"

"कुठला?"

"पलीकडच्या खडकावरचा. बाकी कुठे एवढा गोड मासा मिळतो? तुम्हीच तर शब्द दिलात. बिशप सायलस होनियाराहून आले, गावाला गोळा केलं नि म्हणाले, मथायसने हॉस्पिटलातून शब्द पाठवलाय, पाणी उघडलं. क्रूस त्यांनीच उपटला. म्हणाले, त्याच्यासमोर हा विषय कधी काढू नका, त्याला सोसणार नाही. आम्ही नाही काढला. पोरांनासुद्धा दटावून ठेवलं."

म्हणजे गाव खोटं बोललं नाही. गावाने माझी काळजी घेतली. साऱ्या गावाने इतकी वर्षं माझ्यासमोर जीभ आवरली, आणि दर शुक्रवारी काटे काढून माझ्या पोराच्या थडग्यातला मासा मला भरवला. मी तो चवीने खाल्ला, युनिस. डोरकासला म्हणायचो, आज फार छान भाजलायस.

आता तुझ्या बापाची पहाट. त्या वादळात शाळेचं छप्पर माझ्या पायावर कोसळलं. इतर जखमींबरोबर मला जहाजात घातलं, आणि बागा वाहून गेल्या त्या सगळ्या महिन्यांत मी तिथे होनियाराच्या हॉस्पिटलात पाय टांगून पडलो होतो. तुझी आई रताळ्याचं सूप आणायची. तिला विचार. मी कुठल्या पाण्यात गुडघाभर उभा होतो ते तिला विचार.

सायलस नुकताच बिशप झाला होता. गावी जाण्याआधी तो मला भेटायला आला. खाटेशेजारी बसला, संत्रं सोललं, एकेक फोड माझ्या हातावर ठेवली. गावची पोरं उपाशी आहेत म्हणाला. मी म्हणालो, देव बघेल. तो बराच वेळ सालं चिवडत बसला. मग उठला, माझ्या कपाळावर बोटाने क्रूसाची खूण केली नि गेला.

त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. पोरं उपाशी, मी शाळामास्तर, मी नाही कसा म्हणणार होतो? माझा होकार माझ्या खिशात होता, सायलसने तो चोरला आणि त्याचं पुनरुत्थान केलं. मग पुस्तकभर मला रडवलं. ऑकलंडला मी रडतो, लंडनला रडतो, तुमच्या वर्गात रडतो. आणि इकडे खरा मी पडवीत बसून पहिल्या पुस्तकातलं वाक्य पाठ म्हणतोय, देव उपास करत होता!

प्रस्तावना लिहिणार नाही. तुझ्या प्राध्यापकांना सांग, म्हातारा भेटणार नाही.

एक गोष्ट केली, तीही सांगतो. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आमचा धर्मशिक्षक रूबेन भेटला. रागात होतो. त्याला म्हणालो, "मी कधीच शब्द दिला नव्हता. ते पाणी आजही बंद आहे." रूबेनच्या हातातली घंटेची काठी खाली पडली.

मथायस

---

होनियारा, १ जून २००९

काका,

आईला विचारलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "पाय टांगून होते ते. सूप मीच द्यायचे." मग म्हणाली, "मी ह्यांना म्हटलं होतं, जाताजाता एकदा विचारा मथायसला. तर म्हणाले, आणि नाही म्हणाला तर? बंदी त्याच्या शब्दाने बांधलीय. नाही म्हणाला तर मला ती मोडता येणार नाही, आणि पोरं मरतील."

एवढंच. मी यावर काही लिहिणार नाही. तुम्ही विसरला असाल असं मी तुम्हाला लिहिलं, त्याची लाज वाटते. आम्ही बापलेकीने एकाच तऱ्हेने तुमच्यावर अविश्वास दाखवला.

पुस्तक मी थांबवतेय. चर्चला कारण काय द्यायचं ते माझं मी बघेन. बाबांसाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही.

पण काल जहाजावरून माझा चुलतभाऊ आला. म्हणाला, मावोरोत घबराट आहे. रूबेनने सांगितल्यापासून लोक म्हणतायत, आपण सगळ्यांनी बंदीतलं खाल्लं. पाद्रीबाबांनी शुद्धीची प्रार्थना करू म्हटलं, तर म्हणतात, बांधणाराच मेला, आता सोडवणार कोण? गेल्या इतक्या वर्षांतली मरणं लोक मोजू लागलेत, कुणाचं मूल, कुणाची बाळंतीण. डोरकासच्या नातीला ताप आहे, आणि डोरकास तिला दवाखान्यात न्यायला तयार नाही. म्हणते, औषधाने हे उतरायचं नाही.

काका, मी धर्मशास्त्राची शिक्षिका आहे. बंदी अशी माणसं मारत नाही हे मी फळ्यावर लिहून सिद्ध करून दाखवीन. पण मी त्या खडकावरचे शिंपले खाल्लेत, आणि काल माझीही झोप उडाली.

त्यांच्यासाठी काही करता येईल का, ते तुम्हीच ठरवा.

युनिस

---

मावोरो
१५ जून २००९

चि. युनिस हिस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधी डोरकास आली होती. शुक्रवार होता, पण हातात काही नव्हतं. पडवीत आली नाही, खालच्या पायरीवर बसली. तोंडात पानही नव्हतं. पानाशिवाय मी तिला ओळखलंच नाही क्षणभर.

म्हणाली, "मास्तर, एक विचारते. माझा म्हातारा बुडाला तो त्या बंदीमुळेच का? सगळ्यात जास्त मासे त्यानेच आणले तिथून. तुमचा हिस्सा आधी काढायचा, म्हणायचा, हा टोबीच्या बापाचा."

मी सायलसवर रागावलो होतो, आणि माझा राग जाऊन त्या बाईच्या मेलेल्या नवऱ्यावर पडला होता. म्हणालो, "घरी जा. नातीला दवाखान्यात ने. रविवारी चर्चला ये."

मग दोन दिवस मी फणसाकडे बघत बसलो. सत्य माझ्या बाजूला होतं, युनिस. आयुष्यात पहिल्यांदा मी सायलसच्या पुढे होतो, आणि चोरलेल्या शब्दावर लिहिलेलं त्याचं पुस्तक माझ्या हातात होतं. ते सोडणं सोपं नव्हतं. रविवारी सायलसच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना होती म्हणून चर्च भरलेलं. माणसं भिंतींना चिकटून बसली होती, पोरांना मांडीत घट्ट धरून. प्रवचन झाल्यावर मी काठी टेकत उभा राहिलो.

म्हणालो, "मला काही सांगायचंय. मी म्हातारा झालोय. रूबेनला मी भलतंच बोललो. वादळाच्या वर्षी मी होनियाराच्या हॉस्पिटलात होतो. सायलस भेटायला आला, संत्रं सोलत होता. मी म्हणालो, पाणी उघड, पोरांना जेवू घाल. मीच शब्द दिला. मी विसरलो होतो. काल एकदम आठवलं."

कुणी हललं नाही. मला वाटलं, ओळखलं यांनी. मग मागून म्हातारा जोसाया ओरडला, "मास्तर! आमचा कवितेतला एक शब्द चुकला तर हातावर छडी द्यायचात! आता कुणी द्यायची तुम्हाला?"

आधी एक बाई हसली. मग सगळं चर्च हसायला लागलं, युनिस. हसता हसता रडायला लागलं. डोरकास बाकावर डोकं ठेवून इतकी रडली की पाद्रीबाबांना भजन लांबवावं लागलं. तिची नात आता बरी आहे. तिला हिवताप होता, नर्सने गोळ्या दिल्या.

तू पुस्तक थांबवू नकोस. फक्त त्या उताऱ्याखाली एक टीप दे, माझ्या नावाने. पहाट नव्हती, दुपार होती. समुद्र नव्हता, खाट होती. मी रडत नव्हतो, संत्रं खात होतो. बाकी आर्चबिशपांनी लिहिलंय ते बरोबर आहे. प्राध्यापकांना भेटणार नाही म्हणालो होतो, पण आले की पाठव माझ्याकडे. त्यांनाही हेच सांगेन.

खरं तू, मी आणि तुझी आई, तिघांतच राहू दे. आणि हे पत्र चुलीत घाल.

तुझ्या मनात असेल, काकांनी बाबांना क्षमा केली. नाही केली. 'आणि नाही म्हणाला तर?' हे तुझ्या आईने सांगितलेलं वाक्य मी रोज गिळतो, ते खाली उतरत नाही. एका बाकावर वाढलेला मित्र, आणि त्याला वाटलं, मथायस पोरांना उपाशी मारेल. देवावर त्याने एवढी पुस्तकं लिहिली, एवढा विश्वास ठेवला, मग माझ्यावर एका संत्र्याएवढाही कसा नाही ठेवला? ते त्याला मी समोरासमोर विचारणार आहे. फार दिवस राहिलेले नाहीत.

प्रार्थनेनंतर पोरांनी मला धरून भूशिरापलीकडे नेलं. इतक्या वर्षांनी. पाणी स्वच्छ होतं, होड्या लागल्या होत्या, पोरं पाण्यात सूर मारत होती, टोबीच्या वयाची. मी काठी वाळूत रोवली आणि आत गेलो, गुडघाभर. म्हटलं, तेवढं तरी त्याच्या पुस्तकातलं खरं होऊ दे.

तिथे उभा असताना ती कविता आठवली. सायलस पहिल्या तीन ओळी किती सुंदर म्हणायचा! नाव परत आली नाही, दिवा किनारी ठेवला, आणि मग अडायचा. तसाच अडला होता तो, इतकी वर्षं, त्या कबरीतसुद्धा. नाव घरी यायला निघालीय, असं शेवटच्या ओळीत आई खोटंच बोलते ना, पोरी. पोराला झोप यावी म्हणून बोलते.

ती ओळ मी याही वेळी मागून सांगितली. पुस्तक निघालं की टाळ्या त्यालाच पडतील.

तुझा,
मथायसकाका